आधी भाषण की आधी बंदी?

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच निकालात त्यांना हजार रुपये दंडही झाला होता, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही. सहा वर्षं होती राजद्रोहाची, कलम १२४-अ खाली. हजार रुपये होते कलम १५३-अ खाली, समाजातल्या दोन वर्गांत वैर पसरवल्याबद्दल. हे दोन वर्ग म्हणजे राज्य करणारे इंग्रज आणि त्यांच्या राज्यात राहणारे हिंदी लोक. आज आपण ज्याला द्वेषमूलक भाषणाचा कायदा म्हणतो, तो हाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात या कलमाचा क्रमांक १९६ झाला. गाभा तोच राहिला.

टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, तालुका दापोली. भाषण, कायदा आणि कॉलेज या तिघांच्या भांडणातली जवळजवळ सगळी पात्रं या एका तालुक्याने पुरवली आहेत. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले टिळक चिखलगावचे. विद्यार्थ्याला शिक्षा करणारे प्राचार्य रँग्लर परांजपे मुर्डीचे. मतांपायी प्राध्यापकी गमावणारे र. धों. कर्वे मुरुडचे. त्यांचं वकीलपत्र घेणारे, पुढे स्वतः आमंत्रण मिळूनही नाकारलेले वक्ते ठरलेले आणि अखेर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले डॉ. आंबेडकर लहानपणी काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. आता १९७२ पासून दापोलीत कोकण कृषी विद्यापीठही आहे. तेव्हा ‘वादग्रस्त वक्त्याला कॉलेजात बोलू द्यावं का’ हा प्रश्न समजून घ्यायला बर्कलीला किंवा दिल्लीला जायची गरज नाही. दापोलीपासून सुरुवात केली तरी चालतं.

कलम आलं कुठून

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर होता. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी आठवडाभर ‘केसरी’त शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने छापलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगताना राजद्रोहाचा अर्थ इतका ताणला, की सरकारबद्दल प्रेम नसणं हेही गुन्ह्यात बसावं. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. खटला जिंकला तरी सरकारला कायदा अपुरा वाटला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, दंड संहितेत दुरुस्ती झाली. १२४-अ आणखी कडक झालं आणि त्याच दुरुस्तीतून १५३-अ हे नवं कलम जन्माला आलं.

दहा वर्षांनी ते टिळकांवरच लागलं. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखांवरून हा खटला झाला. न्यायासनावर होते दिनशा दावर, १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी लढलेले वकील. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला.

दुसरं महत्त्वाचं कलम २९५-अ. लाहोरला १९२४ साली निघालेल्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकाशकाला १९२७ मध्ये हायकोर्टाने सोडून दिलं. धर्मसंस्थापकावर केलेली टीका १५३-अ मध्ये बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी नवं कलम आलं. कोणत्याही वर्गाच्या धर्मभावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणं हा गुन्हा ठरला. ‘जाणूनबुजून’ आणि ‘दुष्ट हेतूने’ या दोन्ही अटी मुद्दाम घातल्या होत्या, कारण धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा त्यात अडकू नये. आज हे कलम २९९ आहे. अफवा आणि चिथावणीबद्दलचं जुनं ५०५ आता ३५३ झालं आहे.

म्हणजे आपल्या हाती असलेली हत्यारं मुळात परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी घडवली. ती स्वतंत्र भारताने ठेवली, याला कारणही आहे. फाळणीच्या दंगली पाहिलेल्या देशाला द्वेषाचं भाषण म्हणजे नुसते शब्द असं मानणं परवडणारं नव्हतं.

मुर्डीचे प्राचार्य, मुरुडचे प्राध्यापक

कायदा कोर्टात चालतो. कॉलेजात मात्र कायद्याच्या आधी प्राचार्य असतात. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. पुढाकार घेणाऱ्यांत फर्ग्युसनचा एक विद्यार्थी होता, विनायक दामोदर सावरकर. होळीपाशी टिळकांचं भाषण झालं. फर्ग्युसनचे प्राचार्य होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे पहिले हिंदी सीनियर रँग्लर, वय अवघं एकोणतीस. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकलं. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ असा अग्रलेख लिहिला.

या प्रसंगात परांजप्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. ते कट्टर बुद्धिवादी होते आणि समाजसुधारणेचे खंदे पुरस्कर्ते होते. कॉलेज मात्र सरकारी अनुदानावर चालत होतं आणि विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये, ही सरकारची इच्छा दिवसेंदिवस उघड होत होती. १९०७ साली भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या परिपत्रकाने ती लेखीच आली. परांजप्यांच्या जागी बसलेल्या प्रत्येक प्राचार्यापुढे तोच पेच आजही आहे: एका बाजूला विद्यार्थ्याचं मत, दुसऱ्या बाजूला संस्थेचं अनुदान आणि मान्यता. त्यात कायद्याचं पुस्तक उघडून पाहायला फुरसत कोणाला असते?

मुर्डीहून मुरुड फार लांब नाही. तिथले रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या विषयावर उघडपणे लिहू-बोलू लागले. वर्गात ते गणितच शिकवत होते, पण कॉलेजच्या चालकांना बाहेरचं बोलणं खपेना. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांच्यावर ना गुन्हा दाखल झाला होता ना खटला. खटले आले ते नंतर, १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाल्यावर, आणि तेही अश्लीलतेच्या कलमाखाली. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी लैंगिक विषयावर प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरं दिली, यात गुन्हा कसला, असा त्यांचा सवाल होता. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांनी १९५३ साली मरेपर्यंत चालवलं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. कोर्टाने कर्व्यांकडून दोनशे रुपये घेतले. कॉलेजने आख्खी नोकरी घेतली. कोर्टात त्यांना वकील देता आला, बाजू मांडता आली, निकालाची प्रत मिळाली. कॉलेजात यातलं काहीच नव्हतं.

आमंत्रण देऊन परत घेतलेला वक्ता

दापोलीच्या कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरही इथेच राहत. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार कुठे आहे, असा सवाल केला होता. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन याच कॅम्पात राहायला आले, तेव्हा भीमराव तीन-चार वर्षांचे होते.

पुढे १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना आपल्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. हे मंडळ सुधारकांचं होतं. भाषणाचा मसुदा हाती आला तसे त्यांचे पाय लटपटू लागले. शास्त्रांवरचा हल्ला आणि हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख एवढे भाग गाळावेत, अशी विनंती झाली. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. न झालेलं ते भाषण आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासाला आहे.

आंबेडकरांच्या भाषणावर सरकारने बंदी घातली नव्हती, पोलिसांचीही नोटीस नव्हती. मित्रपक्षानेच कच खाल्ली. कॅम्पसवरच्या बहुतेक बंदींचा प्रकार असाच असतो. विरोधक गोंधळ घालतील या धास्तीने यजमानच आमंत्रण मागे घेतो.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून याच आंबेडकरांनी भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा असायला हवी हेही ठामपणे मांडलं. अमेरिकेतलं स्वातंत्र्यही बिनशर्त नाही, हे दाखवायला त्यांनी घटना समितीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा दाखला दिला. कलम १९(२) मध्ये या मर्यादांची यादी आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘वाजवी’ हे शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने या कलमात आले. या यादीत ‘भावना दुखावणे’ कुठेही नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने २९५-अ वैध ठरवलं, तेही सुव्यवस्थेच्या आधारावर.

कायदा नेमकं काय विचारतो

‘हेट स्पीच’ची व्याख्या भारतीय कायद्यात नाही. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात वेगळी कलमं सुचवली होती, पण नवी संहिता आली तेव्हाही त्यांना जागा मिळाली नाही. त्यामुळे सगळी भिस्त कलम १९६ वर आणि न्यायालयांनी लावलेल्या अर्थावर आहे.

कलम १९६ ला पाहिजे असतात तीन गोष्टी. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समाज यांच्या आधारे दोन गट समोरासमोर यायला हवेत. त्यांच्यात वैर, द्वेष किंवा दुष्टावा पसरवण्याचा प्रयत्न हवा. आणि तसा हेतू हवा. सरकारवर, पक्षावर किंवा पुढाऱ्यावर केलेली टीका या कलमात बसत नाही, कारण तिथे दोन समाजगटच नसतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे; प्रार्थनास्थळात गुन्हा केला तर पाच. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटाशिवाय उचलू शकतात; कोर्टाला खटला चालवायला मात्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. अटक आधी, छाननी नंतर, असा हा उलटा क्रम आहे. बहुतेक अन्याय या मधल्या काळात होतो.

मोजमाप कोणाच्या कानाने करायचं, याचं उत्तर नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिलं. शब्दांचा परिणाम जोखताना शहाणा, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यासमोर ठेवावा. कचखाऊ किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस नव्हे. हा निकष सर्वोच्च न्यायालयाने ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात उचलला आणि त्यानंतरही वेळोवेळी वापरला.

अलीकडचा वापर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या निमित्ताने झाला. मूळचे काश्मीरमधले एक प्राध्यापक तिथे शिकवत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट, म्हणजे कलम ३७० हटवल्याचा दिवस, हा जम्मू-काश्मीरचा काळा दिवस असल्याचं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी १५३-अ लावलं. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ‘जावेद अहमद हाजम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात तो रद्द केला. कलम ३७० हटवण्याला विरोध करणं हा नागरिकाचा हक्क आहे. दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. लिहिणारा अमुक धर्माचा म्हणून त्याला वाईट हेतू चिकटवता येणार नाही. वर न्यायालयाने असंही म्हटलं, की भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे आता पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे.

कायदा एकाच बाजूला झुकतो असंही नाही. गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ या पुस्तकाची सरकारने केलेली जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या प्रकरणातला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केला आणि २०१० मध्ये पुस्तकावरची बंदी उठवण्याचा निकालही कायम केला. उलट, इस्लाम म्हणजे जग काबीज करण्याचं राजकारण अशी मांडणी करणाऱ्या एका पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये कायम ठेवली. कोणत्याही धर्माची चिकित्सा करायला मुभा आहे, पण इथे चिकित्सेच्या नावाखाली एका समाजाबद्दल द्वेष पेटवला जातो आहे, असं न्यायालयाचं मत पडलं. टीका किती कडू आहे यापेक्षा तिचा रोख कशावर आहे, विचारावर की माणसांवर, हे न्यायालयांनी पाहिलं.

मात्र लेन प्रकरणातला निकाल आला तोवर पुस्तक केव्हाच बाजारातून गेलं होतं आणि त्याच पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेची मोडतोड होऊन गेली होती.

कॉलेजात प्रत्यक्षात काय घडतं

कोकणातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. कॉलेजच्या वाङ्मय मंडळाने किंवा विद्यार्थी परिषदेने वक्ता ठरवलेला असतो. पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरते. दोन दिवसांनी दहा-बारा जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन येतं. वक्त्याने आमच्या भावना दुखावल्या आहेत, कार्यक्रम झाल्यास होणाऱ्या परिणामांना संस्था जबाबदार राहील. प्रती रवाना: तहसीलदार, पोलीस निरीक्षक, पत्रकार. निवेदन देतानाचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतो. मग पोलीस ठाण्यातून फोन येतो, ‘सर, बंदोबस्ताला माणसं नाहीत, बघा काय ते.’ कधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली प्रतिबंधात्मक नोटीसही हाती पडते. संस्थाचालक म्हणतात, ‘कशाला उगाच वाढवा?’ दुसऱ्या दिवशी फाटकावर खडूने लिहिलेला फळा असतो: अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द.

या साऱ्या प्रवासात वक्ता काय बोलणार होता, हे एकाही माणसाने विचारलेलं नसतं. कलम १९६ चं नाव निवेदनात असतं, पण त्याच्या तीन अटी कोणी तपासलेल्या नसतात. कायदा भाषण झाल्यावर माणसाला जाब विचारतो. फळ्यावरची ती ओळ भाषणाच्या आधीच निकाल देते, आणि त्या निकालाला ना कारण असतं ना अपील.

महाराष्ट्रातली अलीकडची उदाहरणं याच रांगेतली. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी विद्यार्थी संघटनेच्या तक्रारीनंतर मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढली. कुलगुरूंनी विशेषाधिकार वापरला. २०१६ च्या मार्चमध्ये जेएनयूवरच्या कार्यक्रमावरून फर्ग्युसनमध्ये दोन गट भिडले. देशविरोधी घोषणांबद्दल कारवाई करा, असं पत्र प्राचार्यांनी पोलिसांना दिलं आणि लगेच ते मागेही घेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅलेस्टाईनच्या इतिहासावरचं अचिन वनाइक यांचं व्याख्यान आयआयटी मुंबईत रद्द झालं. २ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचं विद्यार्थ्यांचं नाटक विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मध्येच बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी २९५-अ खाली अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. जामीन मिळाला, पण परीक्षेसाठी बसवलेला प्रयोग करणाऱ्याला कोठडी पाहावी लागली, ही गोष्ट पुढची बॅच लक्षात ठेवते.

दांडगाई करणाऱ्याच्या हाती नकाराधिकार देणं कायद्याला मंजूर नाही. १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि विरोधी जमाव आवरणं आपल्याला जमत नाही अशी सबब सरकारला सांगता येणार नाही. धोका असलाच तर तो जवळचा, थेट आणि दारूच्या कोठारात ठिणगी पडावी इतका अटळ हवा.

इतरांनी काय केलं

अमेरिकेत कायदा सैल आहे. १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालानंतर, लगेच बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या हेतूने आणि तसं घडण्याचा संभव असताना दिलेली चिथावणी एवढीच दंडनीय राहिली. त्यामुळे २०१७ साली गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता रिचर्ड स्पेन्सर फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठात बोलायला आला, तेव्हा विद्यापीठाला त्याला अडवता आलं नाही आणि बंदोबस्तावर पाच लाख डॉलरहून अधिक खर्च आला. सभागृहात विरोधकच जास्त होते. त्यांनी त्याला धड बोलू दिलं नाही आणि तो निघून गेला. जर्मनीने नाझी अनुभवामुळे नेमकी उलट वाट धरली. तिथे समाजगटाविरुद्ध द्वेष चेतवणं हा गंभीर गुन्हा आहे. ब्रिटनने १९८६ च्या शिक्षण कायद्यातच वक्त्याला न अडवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला.

आपल्याला यातलं कोणतंही जसंच्या तसं उचलता येणार नाही. पाच लाख डॉलर दापोलीच्या कॉलेजकडे नाहीत, आणि इथे शब्दांवरून पेटलेल्या दंगलींचा इतिहासही नजरेआड करता येत नाही. पण आपल्याकडेच एक चांगला नमुना आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका मोर्चावर बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. द्वेषपूर्ण भाषणं होणार नाहीत या अटीवरच परवानगी देऊ, अशी हमी राज्य सरकारने दिली आणि न्यायालयाने पोलिसांना चित्रीकरण करायला सांगितलं. २८ एप्रिल २०२३ ला द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हे नोंदवावेत, हा आदेश न्यायालयाने सर्व राज्यांना लागू केला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात त्याची दुसरी बाजूही सांगितली: तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करावी आणि बोस यांचा खंबीर श्रोता डोळ्यासमोर ठेवावा. थोडक्यात, बोलू द्या, नोंद ठेवा, गुन्हा घडला तर सोडू नका.

मग अडवायचं कधी?

सगळंच बोलू द्यावं, असं म्हणणं हा पळपुटेपणा ठरेल. दलित, मुस्लिम, आदिवासी किंवा परप्रांतीय मुलगा वसतिगृहात राहत असतो. त्याला ऐकवलं जाणारं विष हा ‘विचार’ नसतो. सभागृहातून श्रोता उठून जाऊ शकतो. खोलीतून, मेसमधून, वर्गाच्या ग्रुपवरून त्याला जाता येत नाही. म्हणून तिथला निकष वेगळा हवा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. यात भाषणस्वातंत्र्याची ढाल पुढे करायला कोणी येऊ नये. व्यासपीठावरूनही अमुक समाजाला मारा, त्यांच्यावर बहिष्कार टाका, त्यांना घरं देऊ नका असं सांगणारा माणूस माहिती देत नसतो, हुकूम देत असतो. आधीच्या भाषणांत त्याने हे केल्याची नोंद असेल, तर प्राचार्यांनी त्याला आमंत्रणच देऊ नये, आणि ते नाकारताना कारण लेखी द्यावं.

बाकीच्या वेळी करायच्या गोष्टी साध्या आहेत. वक्ता ठरवण्याचे नियम वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून सगळ्या गटांना दाखवावेत, म्हणजे डाव्यांना एक आणि उजव्यांना दुसरा कायदा होत नाही. अध्यक्ष खमका असावा. प्रश्नोत्तरांना भाषणाइतका वेळ असावा. सगळं चित्रित व्हावं. विरोधकांना बाहेर निदर्शनं करायला जागा आणि पुढच्या आठवड्यात प्रत्युत्तराचं व्यासपीठ द्यावं. पोलिसांकडे बंदोबस्त लेखी मागावा. त्यांना नाही म्हणायचं तर तेही लेखी येऊ द्यावं. तोंडी फोनवर काहीही रद्द करू नये. आणि सभागृहात घुसून खुर्च्या मोडणाऱ्यावर आधी गुन्हा नोंदवावा, बोलणाऱ्यावर नोंदवायचा की नाही हे चित्रीकरण पाहून ठरवावं.

टिळकांच्या खटल्यात निदान अग्रलेख कोर्टापुढे वाचले गेले होते. परक्या सरकारने जेवढं केलं तेवढं तरी आपल्या कॉलेजांकडून मागायला हरकत नसावी. सरकारी आणि अनुदानित कॉलेजं, विद्यापीठं आणि पोलीस ठाणी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येतात. अर्जाला दहा रुपये लागतात. तुमच्या गावच्या कॉलेजात एखादं व्याख्यान ‘अपरिहार्य कारणास्तव’ रद्द झालं, वक्ता तुमच्या मताचा असो वा नसो, तर तो अर्ज जरूर करा आणि तीनच प्रश्न विचारा: कोणत्या वाक्यावर आक्षेप होता, कोणत्या कलमाखाली, आणि आदेशावर सही कोणाची आहे?